टोमॅटो पिकेपर्यंत

१९ ऑक्टोबर

शेजारचे पोस्टमास्तर म्हणाले, बाग करायची तर आधी वही करा. कधी काय पेरलं ते लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी डोकं खाजवत बसाल. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून प्रत्येक गोष्टीवर तारखेचा शिक्का लागतो. म्हणून ही वही. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातली जुनी आहे. पहिल्या चार पानांवर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर आहेत.

मागच्या अंगणात नळापासून भिंतीपर्यंतची जागा. आठ पावलं लांब, पाच रुंद. आजवर तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. पण दुपारी मुलांना कशात तरी गुंतवायला हवं.

मुलं येऊन नऊ दिवस झाले. माझ्या धाकट्या बहिणीची. मुंगी सात वर्षांची; सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून मुंगी. बटाट्या परवाच तीनचा झाला. त्याला बटाट्या का म्हणतात ते त्याला पाहिलं की कळतं. मी दुकानात असते तेव्हा पोस्टमास्तर भिंतीपलीकडून दोघांवर लक्ष ठेवतात. धाकटीला रक्ताचा आजार निघाला. उपचार लांबच्या शहरात, मोठ्या इस्पितळात, काचेच्या बंद खोलीत. मुलांना तिथे मज्जाव. नवरा तिच्यापाशी. मी एकटी, ना नवरा ना मूल, आणि घराला तीन खोल्या. विचारायचीसुद्धा गरज नव्हती, तरी तिनं विचारलं. "ताई, चार महिने. फार तर पाच."

"वर्ष लागलं तरी चालेल," मी म्हटलं. बोलून गेले.

२३ ऑक्टोबर

मुळा, गाजर, वाटाणा पेरला. मुंगीनं पट्टी आणली आणि दर दोन बोटांवर एक बी ठेवलं. बटाट्यानं गाजराची अख्खी पुडी एकाच खड्ड्यात ओतली आणि वर बसला.

२४ ऑक्टोबर

मी दोरीवरचे कपडे काढत होते तेवढ्यात मुंगी आली. "मावशी, घाबरू नकोस हं. बटाट्या बरा आहे. फक्त वाटाणा त्याच्या नाकात आहे."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी चिमट्यानं काढला. "कशाला घातलास रे?" तर म्हणतो, "पेरला." डॉक्टर हसले, मीही हसले. येताना माझ्या खांद्यावर झोपला. हात भरून आला, तरी मी गल्लीला एक वळसा जास्तीचा घातला.

हे बागेच्या वहीत लिहायचं काही कारण नाही.

२ नोव्हेंबर

गाजराचे कोंब आले आणि गेले. बटाट्या रोज एकेक उपटून बघतो, खाली गाजर नसलं की परत खोचून ठेवतो. सगळा झुबका माना टाकून पडला आहे. ओरडले, तर तोच मला समजावतो, "हे झालं नाहीये अजून."

मुळ्याची कोवळी पानं मुंगीनं साबणाच्या पाण्यानं धुतली. जमिनीत असतानाच.

८ नोव्हेंबर

पोस्टमास्तर टोमॅटोची बारा रोपं घेऊन आले. सहा माझ्याकडे लावली, सहा त्यांनी भिंतीपलीकडे त्यांच्या बागेत. मुंगी माती दाबत होती. दाबता दाबता विचारलं, "आई कधी येणार?" रोज विचारते. रोज मी "लवकर" म्हणते. आज दोन्ही हात चिखलात होते आणि काहीतरी वेगळं सांगावंसं वाटलं. म्हटलं, "ही रोपं मोठी होतील, त्यांना टोमॅटो लागतील, ते पिकून लाल झाले की आई येईल."

पोस्टमास्तर माझ्याकडे बघायला लागले. पण काय चुकलं? टोमॅटो पिकायला जानेवारी अखेर उजाडेल. धाकटीलाही तोवर चार महिने होत आले असतील.

"सगळे लाल व्हायला पाहिजेत का एक चालेल?" मुंगीनं विचारलं.

"एक पुरे."

२२ नोव्हेंबर

धाकटीचा फोन दर रविवारी येतो. आवाज अगदी कागदासारखा झालाय. बटाट्या तिच्याशी बोलला, आणि नंतर तासभर दाराला तोंड लावून रडला. दूध नाही, काही नाही. दर रविवारी हेच. तिचा फोटो कपाटावरून काढून आत ठेवला. दिसला की तो बोट दाखवतो आणि मग सुरू होतो. मुंगीनं विचारलं, "फोटो कुठाय?" म्हटलं, "काच पुसायला काढलाय."

वाटाण्याला आधाराला दोऱ्या बांधल्या.

१३ डिसेंबर

टोमॅटोला फुलं. पिवळी, खाली मान घातलेली.

फोन आला तेव्हा बटाट्या नळ पूर्ण सोडून वाफ्याचं तळं करत होता. नखशिखांत चिखल. धाकटी म्हणाली, "दे ना त्याला." मी म्हटलं, "झोपलाय गं." त्याला धुऊन आणेपर्यंत तिला फोन धरून दम लागला असता. आणि आज तो इतका खुशीत होता.

मुंगी माझ्याकडे बघत होती. मग तिनं फोन घेतला आणि आईला एकच सांगितलं, "फुलं आलीत."

२७ डिसेंबर

दुपारी झोपेतून उठताना बटाट्या मला म्हणाला, "आई, पाणी." पाणी दिलं. अर्धवट झोपेत होता, त्यात कुठे दुरुस्त्या करत बसायच्या.

३० डिसेंबर

टोमॅटो लिंबाएवढे. हिरवे. किडींसाठी राख टाकली.

आज बटाट्या मला दोनदा "आई" म्हणाला. जागा होता. मुंगी त्याला म्हणाली, "अरे, ही मावशी आहे." तो म्हणाला, "मावशी आई." मुंगी मोठ्यानं म्हणाली, "नाही!" मी तिला म्हटलं, "जाऊ दे गं, लहान आहे."

५ जानेवारी



दुकानातून येऊन चहा ठेवला, तर बटाट्या अंगणातून आला. ओठ, हनुवटी, शर्ट, सगळं लालभडक. माझ्या हातातून भांडं पडलं. त्याला उचलून नळाखाली धरला, तोंडात बोटं घातली, तो किंचाळायला लागला. मग वास आला. रंग. मुंगीच्या शाळेचा डबीतला रंग. सगळ्यात मोठा टोमॅटो तिनं झाडावरच लाल रंगवला होता आणि ह्यानं तो चावला होता.

मी मुंगीला मारलं. गालावर. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाला मारलेलं नाही. ती रडली नाही. ब्रश धुतला, डबीचं झाकण लावलं आणि दप्तरात ठेवली.

डॉक्टर म्हणाले, रंग पोरांच्याच वापरातला आहे, काही होणार नाही.

जेवताना तिच्याजवळ बसले. "का रंगवलास गं?" म्हणाली, "एकच रंगवला. तू म्हणालीस, एक पुरे."

तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले, तिनं डोकं बाजूला घेतलं.

१८ जानेवारी

धाकटीच्या नवऱ्याचा फोन. तपासण्या चांगल्या आल्या. उपचार लागू पडतोय. पण डॉक्टर आणखी दोन-अडीच महिने सोडणार नाहीत. एप्रिल म्हणतात.

बरं वाटलं. केवढा घोर होता. फोन ठेवला आणि भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मुलांसाठी दोन स्वेटरची लोकर आणली. बटाट्याचा एक माप मोठाच घालणार आहे, म्हणजे पुढच्या थंडीलाही येईल.

२१ जानेवारी

पहिला टोमॅटो पिकला.

उजाडताना बघितला. पानांच्या आड, भिंतीकडच्या झाडाला. पोरीनं बघितला असता तर आजच आईची वाट बघत दारात बसली असती, आणि आई तर एप्रिलमध्ये. तिला कसं समजावणार? तोडला. आत आणला. कुठे ठेवणार? मोरीपाशी उभी राहून मीठ लावून खाल्ला. गोड होता.

२८ जानेवारी

भराभर पिकताहेत. रोज एक-दोन. मुलं उठायच्या आत मी फेरी मारते. आजवर अकरा. आता मिठाशिवायच खाते.

मुंगी म्हणाली, "हिरवे होते ते कुठे जातात?" म्हटलं, "पाखरं खातात." तिनं शाळेत जायच्या आधी अंगणात स्टूल टाकलं आणि हातात उलथनं घेऊन बसली. डोळ्यांवर झोप. बटाट्या शेजारी, त्याच्या हातात झारा.

३१ जानेवारी

पाखरांच्या आधी उठायचं म्हणून मुंगीनं घड्याळाला गजर लावला होता. ती झोपल्यावर मी काढून टाकला. वाढत्या वयात झोप हवी.

आज रविवार. धाकटीला सांगितलं, "बटाट्या झोपलाय." ती म्हणाली, "चांगली झोप लागते त्याला तुझ्याकडे."

९ फेब्रुवारी

संध्याकाळी पोस्टमास्तर आले. हातात पातेलं, त्यात लाल टोमॅटो, शिगोशीग. मुंगी पायरीवर अभ्यास करत होती.

"घ्या. आता आम्हाला जात नाहीत," म्हणाले. "तुमचे कसे अजून हिरवेच? एका दिवशी, एका पुडीतली रोपं आपली. माझे तर संपत आले."

मी म्हटलं, "पाखरं..."

"पाखरं? भिंतीच्या अलीकडची तेवढी खातात आणि पलीकडची सोडतात?" हसत म्हणाले ते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

मुंगी उठली. एकेका झाडाजवळ जाऊन बसली, पानं उचलून बघत. पाखरानं खाल्लेला टोमॅटो अर्धा लोंबत राहतो. हे देठ स्वच्छ खुडलेले होते. सहाही झाडं बघून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू खाल्लेस?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळ्या महिन्याभरात तेवढंच एक खरं बोलले. "हो."

"सगळे?"

"आईला यायला अजून वेळ आहे गं. तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"तुला नकोय ती यायला," मुंगी म्हणाली. ओरडली नाही. शाळेत दुसऱ्या मुलीचं काय झालं ते सांगावं तसं म्हणाली.

पोस्टमास्तर पातेलं तिथेच ठेवून गेले.

असं कसं म्हणाली ती? माझी सख्खी बहीण आहे. तिच्या जन्माच्या वेळी मी नऊ वर्षांची होते, तिला कडेवर घेऊन फिरून माझी कंबर वाकडी झाली म्हणून आई रागवायची. ती यायला नको, असं मला कसं वाटेल?

११ फेब्रुवारी

मुंगी माझ्याशी बोलत नाही. काही हवं असलं तर बटाट्याला सांगते, "हिला सांग, डबा दे."

पोस्टमास्तर भिंतीपलीकडून हळू आवाजात म्हणाले, काल शाळेतून येताना ती त्यांच्याकडे गेली. दप्तरात त्यांच्याच पातेल्यातले टोमॅटो आणि एक पाकीट. "आजोबा, हे पोस्टानं आईला पाठवा. पिकलेत ते तिला कळायला पाहिजे." टोमॅटो पोस्टानं जात नाहीत हे त्यांनी तिला समजावलं.

"पत्र मात्र मी टाकलं," म्हणाले. "टाकायला नको होतं का?"

"टाकायलाच हवं होतं," मी म्हटलं.

"काय लिहिलंय मी वाचलेलं नाही. चाळीस वर्षांत कुणाचं वाचलं नाही." आणि मग, "बाई, मुंगी सांगत होती. तो फोटो परत बाहेर ठेवा."

ठेवला. बटाट्यानं बघितला आणि खेळायला गेला. रडला नाही.

२ मार्च

धाकटी आली.

कुणी कळवलं नव्हतं. एप्रिल म्हणाले होते. मी अंगणात होते, बटाट्या माझ्या पायाशी, शेवटच्या मुळ्याला ओढत. रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मुंगी आतून धावत गेली आणि तिची अशी किंकाळी आली की मला वाटलं पडली.

धाकटीला मी क्षणभर ओळखलं नाही. केस बोटभर. तोंडाला मास्क. मनगटं बटाट्याच्या मनगटाहून बारीक. नवऱ्याचा हात धरून मागच्या दारापर्यंत आली आणि पायरीवर बसली. उभं राहवत नव्हतं. मुंगी तिच्या गळ्यात. धाकटीनं दुसरा हात पुढे केला. "माझं सोनं. ये."

बटाट्या माझ्या मागे गेला. माझा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्याकडे वर बघून विचारलं, "आई, ही कोण?"

खरं लिहायचं तर लिहिते. त्या क्षणी मला आनंद झाला. अंगभर. मग मी धाकटीचा चेहरा बघितला. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते.

"ही आई," मी म्हटलं. त्याचे हात सोडवायला लागले. सुटेनात. शेवटी धाकटीचा नवरा पुढे आला आणि त्यानं एकेक बोट सोडवलं. बटाट्या "आई, आई" ओरडत होता आणि आम्हा दोघींना कुणाकडे बघावं कळत नव्हतं.

३ मार्च

मुलं दुपारची झोपल्यावर धाकटी अंगणात खुर्ची टाकून बसली. मी टोमॅटोच्या काठ्या काढत होते. तिनं खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. मुंगीचं अक्षर, शाई पुसलेली.

"आई, टोमॅटो पिकले. मावशी खाते आणि सांगत नाही. बटाट्या तिला आई म्हणतो. मी रोज सांगते पण तो लहान आहे म्हणून विसरतो. मी विसरले नाही. तू लवकर ये."

"डॉक्टर सोडत नव्हते," धाकटी म्हणाली. "सही करून आले."

"वेडी आहेस. काही झालं असतं तर?"

"ताई, तो खरंच झोपलेला असायचा?"

मी काठ्यांची दोरी गुंडाळत राहिले.

"मी काचेतून समोरची भिंत बघत पडायचे," ती म्हणाली. "मी मेले तर मुलांना ताई आहे, एवढ्यावर दिवस काढले. दुसरं काही नव्हतं मला धरायला. पण मी जगले तर तुझं काय होईल, ते मला एकदाही सुचलं नाही गं."

तिला माझा राग यायला हवा होता. मी त्याचीच तयारी करून बसले होते. ती रडायला लागली, आणि मला तिला जवळही घेता येईना; हात मातीचे होते आणि तिला जंतू चालत नाहीत.

८ मार्च

गेले. त्याच शहरात, इस्पितळाजवळ घर घेतलंय. तपासण्या वर्षभर चालणार.

निघायच्या आधी धाकटी म्हणाली, "एक मागू? काही महिने फोन करू नकोस. त्याला माझी सवय होऊ दे. मग आपण सगळे भेटू." मी म्हटलं, "त्यात काय मागायचं." पहिल्या दिवशी तिनं मुलं ठेवायला विचारलं होतं, तेव्हाही मी असंच पटकन हो म्हटलं होतं.

मुंगी गाडीत बसली, मग उतरून परत आली. मला वाटलं काही विसरली. माझ्या हातात हात दिला, मोठी माणसं देतात तसा, आणि गेली. बटाट्या खिडकीतून ओरडत होता. कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं.

१४ मार्च

वाटाणे वाळून गेले. वेळेवर काढले नाहीत.

२० एप्रिल

पोस्टमास्तरांनी विचारलं, उन्हाळी काय लावणार? म्हटलं, दुकानात काम फार आहे. अंगणात पुन्हा दोरी बांधली. एका माणसाचे कपडे. दोरी निम्मी रिकामी राहते.

धाकटीच्या नवऱ्यानं निरोप दिला की तिच्या तपासण्या स्वच्छ आहेत. वजन वाढतंय.

१२ जुलै

आज मुंगी आठ वर्षांची झाली. चार महिने मी शब्द पाळला. पण वाढदिवसाला फोन करण्यात काही गैर नसावं. दुकानाच्या फोनवरूनच केला, माझ्या फोनची बॅटरी उतरत आली होती.

मुंगीसाठीच केला होता. बटाट्यानं उचलला.

"हॅलो, कोण?"

आवाज मोठा झालाय. सगळे शब्द गोल, पुरे. मागे भांड्यांचा आवाज, मुंगीचं हसणं, कुणीतरी फुगे फोडत होतं. तो म्हणाला, "बोला ना."

आतून धाकटी ओरडली, "कुणाचा आहे रे?" चांगला खणखणीत ओरडली. तिच्या अंगात ताकद आली आहे.

"राँग नंबर आहे, बाळा," मी म्हटलं.

"आई, राँग नंबर आहे," त्यानं तिला सांगितलं. पण फोन ठेवला नाही. थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग हळूच, मदत करावी तसं विचारलं, "तुम्हाला कुणाशी बोलायचं होतं?"

मी ठेवून दिला.

तुम्हाला म्हणाला. अनोळखी मोठ्या माणसांशी कसं बोलायचं, ते धाकटीनं छान शिकवलंय त्याला.